कृष्णविवराजवळचे कोवळे तारे आणि गुंजीचं गाऱ्हाणं

निपाणीहून निघताना मनात एकच होतं, बस वाटेत बंद पडावी. पण नको असलेला प्रवास कधी अडत नाही. काकती मागे पडलं, बेळगाव आलं. तिथं चहाच्या नादात रेल्वे हुकता हुकता राहिली. हुकली असती तर देवाला नारळ दिला असता.

निरोपच तसा होता. माझी जुनी विद्यार्थिनी रूपा जर्मनीत ताऱ्यांचा अभ्यास करते. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी मोठं कृष्णविवर आहे. त्याच्या जवळ, जिथल्या ओढाताणीत तारा जन्मूच नये, तिथं कोवळे तारे सापडले आहेत. तेच तिचं काम. आता तिला तिथं कायमची नोकरी लागली होती. “आईला फोनवर सांगवत नाही, सर. तुम्ही सांगा,” म्हणाली. मास्तरकी सुटली तरी हा गृहपाठ माझ्याच माथी आला.

रूपाच्या गावी, गुंजीला उतरलो तेव्हा आभाळ भरलेलं होतं आणि भोवतालचं रान गप्प होतं. रूपाचे वडील, आप्पा, धावतच पुढं आले.

“सर आलासा म्हंजे पोरगी येनारच! चला, पयलं देवळात.”

देवळात रूपाची आई आणि चार शेजारी खोळंबले होते. इकडे गाऱ्हाणं घालतात (घरच्यांची मागणी पुजारी देवापुढं मोठ्यानं मांडतो आणि जमलेले लोक तिला होकार देतात). पुजारी म्हणाला, “ह्यांची लेक परमुलखात हाय. तिला माघारी आन, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांबरोबर मीही म्हणालो. माझीच मला लाज वाटली.

घरी तांदळाची भाकरी आणि फणसाची भाजी होती. मूळ गोष्ट काढणं जिवावर आलं, म्हणून मी ताऱ्यांचंच सांगत बसलो. आक्का, म्हणजे रूपाची आई, वाढता वाढता थांबली.

“त्या चांदण्या तिथंच जल्मल्या, का दुसरीकडनं गेल्या?”

जाणकारही इथंच अडले आहेत. “कुणी म्हणतं तिथंच, कुणी म्हणतं लांबून गेल्या. नक्की ठरलेलं नाही.”

“लांबनं गेल्या असतील, तर माघारी येत्यात?”

“नाही, आक्का. तिथंच फिरत राहतात.”

तिनं भाजीचं भांडं खाली ठेवलं. “पोरगी येत न्हाय. हेच सांगाय आलासा न्हवं, सर?”

मी मान हलवली. आप्पा भाकरीकडं बघत राहिले.

“मग देवळातच सांगायचं हुतं की,” पदर डोळ्याला लावत ती म्हणाली. “गाऱ्हाणं तरी दुसरं घातलं असतं. तिथं सुखी ऱ्हाऊ दे म्हणून.”

स्टेशनवर आप्पा एवढंच बोलले, “आई रडली म्हणून सांगू नका तिला.”

परतीच्या गाडीत बाहेर बघवेना. काहीही समजावून सांगता येतं, हा माझा जुना तोरा. तो त्या ताटावर उतरला. दुसऱ्याच्या घरची अशी बातमी तिसऱ्यानं पोचवू नये, हे शहाणपणही फार उशिरा आलं.

निपाणीत उतरलो तोच रूपाचा फोन.

“आई रडली का हो, सर?”

“नाही,” म्हणालो. “तिथं सुखी राहा, म्हणाली.”

त्यातलं निम्मं तरी खरं होतं.