धूर गाळायचा डबा आणि सायलेन्सरमधलं सोयाबीन

जय जिनेंद्र मैत्रिणींनो. आज शेलूबाजारच्या गॅरेजातून घरी आलं ते असं: गास्केट दोनशे दहा, नटबोल्ट चाळीस, मजुरी तीनशे आणि पावशेर जळकं सोयाबीन, फुकट.

चातुर्मासात आम्ही प्रवास टाळतो, म्हणून जुनी व्हॅन चार महिने गोदामात उभी होती. आता तो संपला, उद्या सासूबाईंना शिरपूरच्या जैन मंदिरात न्यायचं आहे. दर्शनाशिवाय त्या उपवास सोडत नाहीत, आणि गुडघ्यांमुळे एसटीत चढवत नाही. गाडी मात्र धापा टाकत कशीबशी गॅरेजात पोचली.

मिस्त्री सलीमभाई म्हणाले, "भाभी, कॅटलिटिक कन्व्हर्टर जाम झाला, म्हंजे धूर गाळायचा डबा. काढून सीधा पाइप टाकतो, पाहा गाडी कशी पयते."

"मंग न गाळलेला धूर कोनाच्या तोंडात जाईन?"

"मांगून येनाऱ्याच्या."

"मंग काढून पाहा भाऊ, पन परत बसवा."

त्यांनी डबा काढून उन्हात धरला. आतली जाळी स्वच्छ, आरपार उजेड. मग मागचा सायलेन्सर ठोकला, तर त्यातून सोयाबीन ओघळलं. गोदामातल्या उंदरानं वर्षाची बेगमी करून ठेवली होती. तो स्वतः आत नाही ना, हे मी आधी पाहायला लावलं. नव्हता.

घरी सासूबाई हसल्या, "गाडीनं चातुर्मासाचा नेम पायला, उंदरानं नाई पायला."

डबा परत बसवला, गाडी छान चालते. उद्या पारणं होणार. पण उंदीर गोदामातच आहे. विष आमच्याकडे चालत नाही, आणि मांजर पाळली तरी पाप आपल्यालाच. त्याला न दुखवता गाडीपासून दूर कसं ठेवायचं? माहीत असेल तिनं आजच उलट निरोप धाडा.