कमलम्माच्या ओढ्याचा रंग

भवानी पेठेतल्या गुरुशांतनं पंचवीस वर्षं पाट्या रंगवल्या. दवाखाने, पिठाच्या गिरण्या, वकिलांची नावं, सगळं. मराठीत रंगवायचा, कन्नडमध्ये रंगवायचा, अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक असलं तर दोन्हींत. मग फ्लेक्स आला आणि त्याचे ब्रश डब्यातच वाळायला लागले. अशा दिवसांत वैष्णवी मॅडमनी त्याला बोलावलं. पेठेतच एका दुकानावरच्या खोलीत त्यांनी नकाशांचं ऑफिस काढलं होतं. संगणकाची पोरगी, पण तिला पाटी मात्र हातानं रंगवलेलीच हवी होती.

पाटी लावून झाली. पाणी प्यायला तो आत गेला आणि मॅडमच्या स्क्रीनकडं बघत तसाच उभा राहिला.

"मॅडम, रागवू नका, पण तुमची नदी शेतात बुडालीय की."

"शेत नदीत बुडतं, काका."

"हितं उलटं झालंय. निळा आन हिरवा सारखेच गडद. एकमेकाला खाऊन टाकत्यात. आन गावाची नावं रस्त्यावर पडल्यात. अक्षराला पांढरी कड द्या, मग बघा."

मॅडमनी दोन-तीन ठिकाणी क्लिक केलं. हिरवा फिकट झाला, अक्षरांना कड आली, आणि नकाशा असा उघडला की जणू कुणी खिडकी पुसली. त्यांनी खुर्ची त्याच्याकडं वळवली. मग म्हणाल्या, "उद्यापासून येता का?"

माऊस काही दिवस हातातून नुसता निसटत होता. लेअर मात्र गुरुशांतला पहिल्याच दिवशी कळले. रंगाचे हातच की ते, एकावर एक दिलेले! खालचा हात जमिनीचा, त्यावर पाणी, त्यावर रस्ते, सगळ्यात वर नावं. एखादा लेअर चुकून खाली गेला तर धरून वर ओढायचा. भिंतीवर अशी सोय कुठली? तिथं सगळं खरवडूनच काढावं लागायचं.

नकाशा छापून आला की तो खिडकीतून खाली सोडायचा आणि स्वतः रस्त्याच्या पलीकडं चहाच्या गाड्यापाशी जाऊन उभा राहायचा. तिथूनच ओरडायचा, "शाळेची खूण मोठी करा! हितनं नावं दिसंनात!" बायको महानंदा बाजाराला जाताना हे बघायची आणि दुसरीकडंच तोंड फिरवायची.

दुधनीजवळच्या एका गावाचा पाण्याचा नकाशा हे त्यानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्यानं रंगवलेलं पहिलं काम. माहितीत ओढे दोनच प्रकारचे होते. बारमाही ओढ्यांना त्यानं ठळक निळी रेघ दिली, हंगामी ओढ्यांना फिकट तुटक. नावं दोन्ही लिप्यांत. ग्रामसभेत नकाशा टांगला आणि तो कोपऱ्यात, कौतुकाची वाट बघत उभा राहिला.

कौतुक कसलं! पुढच्या रांगेतली कमलम्मा नावाची म्हातारी उठली, नकाशापाशी गेली आणि तिनं एका तुटक रेघेवर बोट आपटलं.

"ई हळ्ळ नम्मदु! शिवरात्री तनका नीरु ऐति!"

वैष्णवी मॅडमनी त्याच्याकडं बघितलं. गुरुशांत हळूच म्हणाला, "हा ओढा आमचा, म्हणतीया. शिवरात्रीपर्यंत पाणी असतंय त्याला."

"पण आपल्याकडं तो हंगामी आहे."

"हंगामीच हाय. पण दसऱ्याला आटणारा आन शिवरात्रीपर्यंत वाहणारा, दोघास्नी एकच रेघ दिली मी. म्हातारीचं बरोबर हाय."

त्याचे कान तापले होते. पाटीवर नाव चुकलं की तापायचे, तसेच. लॅपटॉप मांडीवर घेऊन तो कमलम्माशेजारी बसला आणि ओढ्यांच्या माहितीत एक नवा रकाना जोडला: पाणी कधीपर्यंत. मग एकेका ओढ्याचं नाव मोठ्यानं वाचून विचारत गेला. मल्लप्पा सांगे संक्रांत, तर त्याचा सख्खा भाऊ नागप्पा म्हणे होळी. दोघं उभे राहून भांडले आणि शेवटी गुरुशांतनं त्याच ओढ्याचे वरचा आणि खालचा असे दोन तुकडे पाडून दोघांचंही खरं केलं. जेवायची वेळ टळून गेली तरी कुणी हललं नाही. पाणी जितकं जास्त टिकणारं, तितका निळा गडद, असा नियम गुरुशांतनं लावला. प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडल्यावर रेघा भिंतीवरच्या पडद्यावर रंग बदलू लागल्या, तशी मागची माणसं बाकांवर चढली.

कमलम्मानं आपली रेघ निरखून बघितली.

"अजून थोडं गडद कर," ती आता मराठीत म्हणाली.

"व्हय, पण मग होळीचा होतोय त्यो, आज्जी."

म्हातारीनं विचार केला. "मग राहू दे. खोटं नको."

पाणी अडवायला कुठला ओढा आधी घ्यायचा, ते त्या दुपारी तासाभरात ठरलं. याआधी त्यावरून दोन सभा मोडल्या होत्या, असं सरपंच सांगत होता.

परतताना एसटीत मॅडमनी विचारलं, "ही रंगांची मांडणी सेव्ह करून ठेवू ना? दुसऱ्या गावांनाही लागेल. नाव काय देऊ?"

"कमलम्मा," गुरुशांत म्हणाला आणि खिडकीला डोकं टेकून झोपी गेला.

त्यानंतर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची, नातेपुत्याकडची तीन गावं हातात घेतली. तिकडं कन्नड कुणाला येत नाही, आणि ओढेही वेगळेच वागतात, कमलम्माचे रंग त्यांना बसत नाहीत. तिथल्या माणसांशी गुरुशांतचं भांडण सध्या जोरात चालू आहे.