शेडच्या दारावरची पाटी

न्हावऱ्यात आमच्या गॅरेजमागं एक शेड आहे. तिच्या दारावरच्या पाटीबद्दल मी आजवर कुणाजवळ तोंड उघडलं नाही – आज तुमच्याजवळ उघडतोय. पाटीवर लाल अक्षरांत लिहिलंय, 'ॲसिडचं काम. आत येऊ नये.' आत ॲसिडचा थेंबही नाही.

माझं काम जुन्या मोटारसायकलींचं. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या इंजिनांची ॲल्युमिनियमची कव्हरं येतात – काळवंडलेली, ओरखडलेली. कंपनीतून निघाली तेव्हाची चमक त्यांना परत आणून द्यायची. आरशासारखी नव्हे बरं का! आरसा काय, मशीनवर बफ – पॉलिशचं कापडी चाक – लावून कुणीही करतो. जुनी चमक मऊ असते, सायीसारखी. बफ जरा जास्त दाबला की कडा गोल होतात, आणि गेलेली कड परत येत नाही. मी अशी किती कव्हरं वाया घालवली, विचारू नका.

तरी शिरूरपासून दौंडपर्यंत लोक म्हणतात, तात्यांच्या हातात जादू हाय. ऐकायला गोड लागतं. फार गोड लागतं. पण हात –

थांबा, सरळच सांगतो. तो हात माझा नाही. माझ्या बायकोचा, मंदाचा आहे. एकदा एक कव्हर बिघडवून मी डोक्याला हात लावून बसलो होतो. तिनं दुसरं उचललं, पॉलिश पेपर पाण्यात भिजवला आणि मांडी घालून एकाच दिशेनं घासत बसली. मध्येच डोळे मिटून वरून बोट फिरवायची. दोन दिवसांनी बघितलं, तर कव्हरवर तीच सायीसारखी चमक. पाटी त्याच आठवड्यात लावली – मीच.

राहू गावचे एक आप्पा वडिलांची मोटारसायकल न्यायला आले होते. कव्हरवर हात फिरवता फिरवता त्यांचे डोळे भरले. "तात्या, आमचं आबा परत आल्यावानी वाटतंय. ह्यो हात कुनाचा म्हनायचा?"

मंदा चहा देऊन शेजारीच उभी होती. बोटांची टोकं काळी. एक शब्द पुरला असता, नाही का? मी म्हणालो, "आपलाच." आप्पांनी माझे दोन्ही हात धरले. मंदानं आपली बोटं पदरात गुंडाळली.

कशाला भ्यालो? बायकोच्या जिवावर खातो म्हणतील – एवढंच ना? आणि खरं म्हणजे, मला तो मान हवा होता.

आम्ही सुखात आहोत, खोटं कशाला सांगू. दुपारी मी बाहेर इंजिन जोडतो, आतून तिचं गुणगुणणं ऐकू येतं. गिऱ्हाईक फारच कौतुक करून गेलं की ती हाक मारते, "जादूगार, जेवाया या!" मी हसतो. तीही हसते.

गेल्या पंधरवड्यात म्हणाली, "आवं, पाटीवरची अक्षरं पुसट झाल्यात. कुनीबी आत शिरंल."

काढूनच टाकावी, असं मनात आलं. तसं म्हणायला तोंडही उघडलं. ती रंगाचा डबा धरून माझ्याकडं बघत होती – मी ब्रश घेतला आणि एकेक अक्षर पुन्हा गिरवलं.

सुबक आलीत. ती मात्र माझ्याच हातची.