आमच्या फाट्यावरच्या तीन पाट्या

लॉकडाऊनमध्ये बंद पडलेली आमची बस पुन्हा सुरू होणार असं कळलं, तेव्हा गावात सगळ्यांना आनंद झाला आणि मग लक्षात आलं की बस थांबणार कुठं, ती जागाच आता राहिलेली नाही. फाट्यावर पूर्वी सिमेंटचं बाकडं होतं, ते रस्ता रुंद करताना गेलं. बाकड्यामागचा कडुनिंब गेला. मधल्या वर्षांत जुने ड्रायव्हरही गेले. डेपोतून निरोप आला की ड्रायव्हर नवा आहे, गोदावरीपलीकडचा आहे, त्याला तुमचा फाटा माहीत नाही. तेव्हा तिथं तेलुगुत एक बोर्ड लावा, तो वाचून घेईल.

बोर्ड म्हटलं की आमच्या पंचक्रोशीत मी. आदिलाबादच्या दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, बाजारहत्नूरपर्यंतच्या भिंती, सगळीकडं माझा ब्रश फिरलेला आहे. मी शिकलो सीमेपलीकडं किनवटला, मराठीतून. तेलुगु मला बाजारात भाव करण्यापुरतं बोलता येतं. वाचता येत नाही, पण काढता येतं. गिऱ्हाईक चिठ्ठीवर लिहून देतं आणि मी ते हुबेहूब चित्रासारखं काढतो. तेलुगु माणसं माझं अक्षर पाहून 'बागुंदी, बागुंदी', म्हणजे छान आहे, म्हणायची, आणि ती हवा माझ्या डोक्यात चांगलीच गेली होती.

शिवाय या बसमध्ये माझा स्वतःचा जीव अडकलेला होता. माझी मुलगी दहावी पास होऊन आदिलाबादच्या कॉलेजात लागली होती. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी ती पहिलीच. फाट्यावरून ऑटो मिळतात, पण एका ऑटोत चौदा माणसं, त्यातली चार बाहेर लोंबकळत. मी तिला सांगून टाकलं होतं, "ऑटोत जायचं नाही. बस लागली की जाशील." मी शब्दाचा पक्का माणूस आहे. माझी बायको याला हेकटपणा म्हणते. कॉलेजचा नियम असा की पहिले आठ दिवस जो येणार नाही त्याचं नाव कापायचं आणि जागा दुसऱ्याला द्यायची. बस सुरू होण्याचा दिवस आणि कॉलेज उघडण्याचा दिवस एकच निघाला. मला वाटलं, योग जुळून आला.

चिठ्ठी लिहून द्यायला या वेळी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी डोकं चालवलं. आदिलाबादेत एका दवाखान्यासमोर एक पाटी आहे. तिच्याखाली सदा पन्नास माणसं उभी असतात आणि येणारी प्रत्येक बस बरोबर तिथंच थांबते. इतक्या इमानेइतबारे बस थांबवणारी पाटी मी दुसरी पाहिली नव्हती. मोबाइलवर तिचा फोटो काढला, घरी येऊन तीन दिवस खपलो आणि पिवळ्या पत्र्यावर काळ्या रंगात ती पाटी जशीच्या तशी उतरवली.

पहिल्या दिवशी सकाळी फाट्यावर सगळं गाव जमलं होतं. ड्रायव्हरसाठी हार, बससाठी नारळ, दोन डफडी. मुलगी नवा ड्रेस घालून, पाठीवर दप्तर घेऊन आली. पाटीसमोर उभी राहिली. वर पाहून म्हणाली, "बाबा, थे पाटी..."

"जमली ना?" मी म्हणालो. माझ्या आजूबाजूला दहा माणसं पाटीचं कौतुक करत होती.

तिनं माझ्याकडं पाहिलं. "हो," म्हणाली. "अक्षर लय झ्याक आलं."

बस आली. आम्ही सगळ्यांनी हात वर केले. डफडी वाजली. ड्रायव्हरनं वेग कमी केला, पाटी वाचली, हसून आम्हाला हात हलवला आणि निघून गेला. हार धरलेले माजी सरपंच बसमागं थोडं धावलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशीही तेच. आमचे हात वर, त्याचा हात वर, आणि बस पुढं. बायांना आता बस फुकट आहे, म्हणून बायांची गर्दी दिसली की हा पळतो, असं एकानं काढलं. तेव्हा तिसऱ्या दिवशी बायांना शेवग्याआड लपवून नुसते पुरुष पुढं उभे केले. तरी तो थांबला नाही. त्यात बाया चिडल्या त्या वेगळ्याच. आपण मराठी आहोत म्हणून हा थांबत नाही, असं दुसऱ्यानं काढलं आणि हे मात्र सगळ्यांना पटलं. मला तर फारच पटलं.

"अक्षर बारीक पडलं असंल, पेंटर," माजी सरपंच म्हणाले. "गाडी जोरात येते. त्याले वाचाले टाइम नाई भेटत."

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. माझं अक्षर बारीक? त्याच संध्याकाळी मी दुप्पट मोठा पत्रा घेतला आणि तोच मजकूर लाल रंगात काढला. हा बोर्ड फाट्याच्या दोनशे पावलं अलीकडं ठोकला. चौथ्या दिवशी ड्रायव्हरनं तो वाचला आणि हसणं सोडून दिलं. हात न हलवता गेला. मग मी तिसरा काढला, त्याच्याही अलीकडं, खाली जाड बाण आणि दोन उद्गारचिन्हं घालून. त्या दिवशी बस आमच्या फाट्यावरून अशी सुसाट गेली की बाजूच्या शेळ्या उधळल्या.

कोणी विचारेल, पाटी वाचणारं गावात कोणीच नव्हतं का? शाळेत तेलुगु विषय आहे, पोरांना येतं वाचता. पण आपल्याच गावाची पाटी कोण वाचतं? तिच्यावर काय लिहिलंय ते सगळ्यांना माहीतच असतं.

सहाव्या दिवशी आम्ही पाच जण डेपोत गेलो. ऑटोतून गेलो, मी बाहेर लोंबकळत. साहेब शांत होते. हिंदीत म्हणाले, "बोर्ड आपिच लोगां लगाए ना?"

"हौ साब, हमिच लगाए," मी छाती काढून म्हणालो. "एक नहीं, तीन."

"तीन क्यों?"

"एक से ड्रायव्हर समझाच नहीं."

साहेबांनी चहा सांगितला. "देखो, हमारा ड्रायव्हर बोर्ड के हिसाब से चल रा."

"वहीच तो बोल रहे साब! बोर्ड के हिसाब से चलने बोलो उसको!"

"चल रा ना!"

"कहाँ चल रा!"

हे चहा येईपर्यंत चाललं. चहा पिऊन दोन्ही बाजू नमस्कार करून उठल्या. साहेब मुजोर आहेत, असं आम्ही परतीच्या ऑटोत ठरवलं.

सातव्या दिवशी कॉलेजातून फोन आला की उद्या मुलगी आली नाही तर नाव कापू. तिनं फोन ठेवला आणि ड्रेसला इस्त्री करत बसली. मला वाटलं आता ऑटोनं जा म्हणावं. जीभ उचलली नाही. सगळ्या गावासमोर सात दिवस बसचा झेंडा मिरवून आता कोणत्या तोंडानं म्हणणार होतो? त्या संध्याकाळी मला माझीच चीड आली, पण ती काढली मी ड्रायव्हरवर.

आठव्या दिवशी आम्ही रस्त्यावर बैलगाडी आडवी लावली. बस करकचून थांबली. माणसांनी तिला वेढा घातला. ड्रायव्हर खिडकीतून घाबऱ्या घाबऱ्या, भराभर नदीपलीकडचं तेलुगु बोलत होता आणि पुन्हा पुन्हा माझ्या पाट्यांकडं बोट दाखवत होता. त्या गोंगाटात त्याचं बोलणं कोणाच्या बापाला कळेना. मी ओरडत होतो, "हो, थेच तं! वाच! वाचता येत नाई का तुले?"

तेवढ्यात मुलगी गर्दीतून वाट काढत खिडकीपाशी गेली. ती त्याच्याशी हळू आवाजात तेलुगुत बोलली. चार-पाच वाक्यं असतील. ड्रायव्हरनं बोट खाली घेतलं. त्यानं पाट्यांकडं पाहिलं, मग गर्दीत मला शोधून माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली.

"काय म्हन्ते थो?" माजी सरपंचांनी विचारलं.

"नवा हाये म्हन्ते," मुलगी मोठ्यानं म्हणाली. "स्टॉप ठाऊक नव्हता म्हन्ते त्याले. आता रोज थांबीन म्हन्ते."

एकच जल्लोष झाला. सात दिवस सुकलेला हार एकदाचा ड्रायव्हरच्या गळ्यात पडला. दुसरा हार कोणीतरी पळत जाऊन आणला आणि तो माझ्या गळ्यात घातला, तीन पाट्यांबद्दल. चौथी पाटी पलीकडच्या बाजूनं काढावी असंही तिथंच ठरलं. मुलगी बसमध्ये चढली, खिडकीशी बसली आणि कॉलेजला गेली.

संध्याकाळी आली तेव्हा मी अंगणात चौथा पत्रा घासत होतो. तिनं दप्तरातून वहीचं एक पान काढून माझ्यासमोर ठेवलं. तेलुगुत एक ओळ होती.

"हे लिवा," ती म्हणाली. "आणि थ्या तिन्ही पाट्या पुसा. उद्या फाट्यावर कोनी यायच्या आधी."

"काऊन? काय लिवलंय याच्यात?"

"याच्यात लिवलंय, आपबडुनु. इथं बस थांबते."

"आणि माझ्या पाटीवर?"

"आपरादु. इथं बस थांबवू नये."

दवाखान्यासमोरची ती पन्नास माणसं माझ्या डोळ्यांपुढं आली. बस थांबवू नका असं लिहिलेल्या पाटीखाली उभी राहून रोज बस थांबवणारी. पण त्यांच्यावर हसायचा मला अधिकार नव्हता. सात दिवस माझ्या पोरीची वाट मी स्वतः, ठळक अक्षरांत, बाण काढून अडवली होती.

"तू कधी वाचलं हे?"

"पयल्याच दिवशी."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"रोज सांगू म्हनत होती," ती म्हणाली. "रोज तुमी अजून एक पाटी नाई तं अजून एक भाषन. गावासमोर कशी सांगू?"

मी पॉलिशपेपर बाजूला ठेवला. नाव कापलं असतं तरी ही पोरगी बोलली नसती का, हे मला विचारायचं होतं. त्याऐवजी म्हणालो, "त्या ड्रायव्हरले काय सांगतलं मंग?"

तिनं रंगाचा डबा उघडून माझ्याकडं सरकवला.

"सांगतलं, पाटी लिवनारे माझे बाबा हायेत. त्यायले तेलुगु येत नाई. हासू नका म्हनलं."