भिंतीपलीकडून 'जाऊन येतो'

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी दुकानात उभा करत नसे. मद्रासच्या जॉर्ज टाउनात चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केली. ज्याचा खटका उघडून दाखवता येत नाही ते मी मानत नाही... आजही. शाळा तिसरीपर्यंत, ती पण तमिळ. तेव्हा लिहिण्यात चुका असतील. सांगण्यात नाहीत.

आम्ही तंजावरकडचे मराठे. आमचं बोलणं ऐकून पुण्याकडचे लोक हसतात. हसू देत. पण आमची एक रीत आधी सांगतो, नाही तर पुढचं कळणार नाही. घरातून निघताना तुम्ही 'येतो' म्हणता, आम्ही 'जाऊन येतो' म्हणतो. मग घरात राहणाऱ्यानं 'जाऊन ये' म्हणायचं. ते कानावर पडल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

माझा धाकटा भाऊ व्यंकू. वडील गेल्यावर मीच त्याला वाढवला, हातात कानस दिली. आणि चीनच्या लढाईनंतर एक दिवस तो म्हणतो, दुकान नको, सिक्कीमला रस्त्याच्या कामावर नोकरी मिळाली आहे. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. निघायच्या दिवशी तो दुकानाच्या दारात आला. मी किल्ली घासत होतो.

"अण्णा, जाऊन येतो."

मी घासत राहिलो.

"अण्णा... जाऊन येतो."

तिसऱ्यांदाही म्हणाला. मी मान वर केली नाही. मग तो गेला. हे मी घरी कोणाला सांगितलं नाही.

सात महिन्यांनी इंग्रजी लेटर आलं. शेजारच्या क्लार्कनं वाचून दाखवलं. दरड कोसळली, व्यंकटराव बेपत्ता, प्रेत सापडलं नाही. त्याची ट्रंक दरडीच्या वरच्या बौद्ध मठात ठेवली आहे, घरच्यांनी येऊन न्यावी.

आई रडली नाही. म्हणाली, "तू जा. आहे की नाही, एवढं बघून ये. सुंदरेनं कुंकू लावायचं की पुसायचं, मी कशावरून सांगू?"

सुंदरा म्हणजे व्यंकूची बायको. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तशीच आत गेली.

मी गेलो. चार दिवस ट्रेन, मग बस, मग जीप, आणि शेवटच्या गावापासून पायवाट. दाराला कडी अडकवावी तसा तो मठ कड्याला अडकवलेला. ट्रंक खाली आणायला एक हमाल बाई बरोबर घेतली – माइली तिचं नाव, वय पन्नाशीचं, पाठीवर मोठी टोपली. मला 'दाजू' म्हणायची. त्यांच्याकडे दाजू म्हणजे अण्णा. मोडक्या हिंदीत आमचं बोलणं.

"मद्रासी दाजू, बसू नको. बसलास तर तुलाच टोपलीत घालावं लागेल."

"मी मद्रासी नाही. मराठा आहे."

"मराठा म्हणजे कुठला मद्रासी?"

मी चालायला लागलो.

दुपारची वेळ होती, पण धुकं उतरायला लागलं. वाटेच्या मधोमध एक लांब दगडी भिंत आली. डोक्याएवढी उंच, दगडादगडावर बौद्ध मंत्रांची अक्षरं कोरलेली. वाट तिच्या दोन्ही बाजूंनी जात होती. माइली म्हणाली, "भिंत उजव्या हाताला ठेवून चल. प्रदक्षिणा असते ती." मला पलीकडची वाट सोपी दिसली. आणि मला कोणी असं कर म्हटलं की मी तसं करत नाही. गेलो भिंत डाव्या हाताला ठेवून.

"देव रागावेल, दाजू!"

"माझ्यावर सगळेच रागावलेत. त्यालाही घे त्यात."

ती पुढे निघून गेली. थोड्या वेळानं भिंतीपलीकडे पावलं वाजायला लागली, माझ्या बरोबरीनं. मला वाटलं, माइलीच थांबली असेल माझ्यासाठी. मी थांबलो. पावलं थांबली.

"अण्णा, जाऊन येतो."

आमची भाषा. आमच्या घरातली. तिकडे एखादा महाराष्ट्राचा जवान असू शकतो, मान्य. पण तो 'येतो' म्हणेल, 'जाऊन येतो' नाही. आणि 'अण्णा' मधला 'णा' लहानपणापासून तसा लांबवणारा मला एकच माहीत होता.

खरं लिहितो... तेव्हाही माझा हट्ट गेला नाही. म्हटलं, उत्तर दिलं तर मी भूत मानलं असं होईल.

"अण्णा... जाऊन येतो."

भिंतीला हात लावला. दगड बर्फासारखे गार. तिसऱ्यांदा तो म्हणाला, अगदी हळू, दुकानाच्या दारात म्हणाला होता तसा.

"जाऊन ये रे, व्यंकू," मी म्हणालो. "जाऊन ये."

पावलं भराभर वर निघाली. मी धावलो. दम लागून भिंतीच्या टोकाशी पोचलो तर तिथे कोणी नाही. पुढे पन्नासेक पावलांवर माइली टोपली उतरवून तंबाखू मळत बसली होती.

"कोणाशी बोलत होतास?"

"तू ऐकलंस?"

"दोघांचं ऐकलं. एक तू. दुसरा मद्रासी कोण?"

"इकडून कोणी वर गेलं?"

"माझ्या समोरून? कोणी नाही." मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि तंबाखू टाकून दिली. टोपली उचलून ती पुढे निघाली.

मठात म्हाताऱ्या लामानं ट्रंक पुढे आणली. तिला मीच बनवलेलं कुलूप होतं. दुसरी किल्ली माझ्याकडे. आत कपडे, दाढीचा आरसा, बाकी काही नाही. खिडकीतून खालची दरड दिसत होती, डोंगर सोलून काढल्यासारखा. लामानं माइलीकरवी सांगितलं की त्यांनी व्यंकूसाठी दिवे लावले होते.

घरी आलो. ट्रंक ठेवली आणि सगळं सांगितलं – दुकानातलं पण, पहिल्यांदाच.

"म्हणजे तो निरोपासाठी अडकला होता," आई म्हणाली. "आता गेला." उठली आणि डोक्यावरून पाणी घेतलं.

सुंदरा म्हणाली, "म्हणजे येतील. भाऊजी स्वतः 'ये' म्हणून आलेत." तिनं कुंकू पुसलं नाही.

एकाच घरात एकीनं त्याचं सुतक धरलं आणि एकीनं त्याचं ताट मांडलं. त्यावरून दोघींचं कधी भांडण झालं नाही. दोघी रात्री माझ्याकडे बघायच्या, एवढंच. आई गेली. सुंदराही मागच्या वर्षी गेली, अण्णा नगरच्या ह्याच फ्लॅटमध्ये, कपाळावर कुंकू होतं. शेवटच्या दिवशीही तिनं मला विचारलं, "भाऊजी, नक्की काय म्हणालात तुम्ही त्यांना? जा... की ये?"

मी म्हणालो, "दोन्ही."

कोणाला ह्याचा उलगडा होत असेल तर जरूर लिहा. पण 'तुमचे कान वाजले असतील' असं लिहू नका. कुलपाचा खटका आत बसला की नाही, हे मी आयुष्यभर कानानं ओळखत आलो आहे. त्या दिवशी भिंतीपलीकडे तो खटका बसला... की उघडला, तेवढं मात्र मला अजून कळलेलं नाही.