कावळ्याला देऊन टाकलेला गुरुवार

माझ्या थोरल्या काकांच्या दहाव्याला मी तोंड उघडलं आणि कावळा पिंडाला शिवला, एवढं एकच कर्तृत्व वाणगावजवळच्या आमच्या पाड्यावर माझ्या नावावर जमा आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला माणूस. बी.एस्सी., केमिस्ट्री, फर्स्ट क्लास! (कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो.) पण गावात माझी ओळख करून देताना म्हणतात, "हा दिनेश. तो कावळावाला."

दोष पॉडकास्टचा. बोईसरला एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली आणि मी खोली भाड्याने घेतली. जन्मात पहिल्यांदा मला असं दार मिळालं, जे आतून बंद केलं की बाहेरून कोणी "जेवलास का?" म्हणून ठोठावत नाही. त्या बंद दाराआड दर गुरुवारी संध्याकाळी मी मोबाइलवर एका कार्यक्रमाचा नवा भाग ऐकतो. मुंबईचे चौघे जण माइकसमोर बसतात. हातात कागद नाही, पाठांतर नाही. ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी एक शब्द पाठवतो, समजा 'दुधी', आणि त्या दुधीवर ते तिथल्या तिथे अख्खं नाटक उभं करतात. दुधी निवडणुकीला उभा राहतो, दुधीचं ठरलेलं लग्न मोडतं, आणि मी इकडे गादीवर लोळून हसतो. नियम एकच. समोरचा काहीही म्हणो, नाकारायचं नाही. "हो, आणि" म्हणून आपली वीट वर ठेवायची.

या नियमाच्या मी इतका प्रेमात पडलो की तो कामावरही वापरून पाहिला. साहेबांनी विचारलं, "ही बॅच फेल आहे?" मी म्हणालो, "हो, आणि पुढचीही!" (मेमो अजून जपून ठेवलाय.) पण ते असो. गुरुवार संध्याकाळ, ती खोली आणि ते चौघे, एवढंच माझं चैनीचं आयुष्य होतं. होतं!

मग काका गेले. बाबांशी भांडून मला कॉलेजात घालणारे ते काकाच. भजनी मंडळाचे ते बुवा, त्यामुळे दहाव्याला तळ्याच्या काठी सगळं गाव जमलं. जमला नाही तो फक्त कावळा. पूर्वी आमच्याकडे कावळ्यांना काय तोटा! पण त्यांनाही आता बोईसरच्या कारखान्यांची कँटीन कळली आहेत. साध्या भातासाठी एवढ्या लांब कोण येतो? शेवटी कसाबसा एक आला. जांभळाच्या शेंड्यावर बसून तो पिंडाकडे असा बघू लागला, जसा मी नापास सँपलकडे बघतो.

बाबा हात जोडून म्हणाले, "दादा, वैनीची काळजी करू नको. आमी हाव ना."

कावळा ढिम्म.

आत्या पुढे झाली. "दादा, तुझी म्हैस इकणार नाय रे!"

कावळ्याने पाठ फिरवली.

ऊन चढलं. पोरं रडू लागली. लोक कुजबुजू लागले, "जीव अडकलाय हो कशात तरी." बाबांचा चेहरा बघवेना. सख्खा भाऊ उपाशी जाणार आणि तोही गावासमोर! ते माझ्याकडे वळले. "तू शिकलेला हायस. तू बोल."

मी! ना कागद, ना पाठांतर. शब्द मिळालेला एकच, काका. खोटं कशाला बोलू, त्या दुःखातसुद्धा मला वाटलं, दिनेश, याच दिवसासाठी तू इतके गुरुवार ऐकत आलास. मी डोळे मिटले आणि दिलं ठोकून, "काका, तुमचं भजनी मंडळ मी बंद पडू देणार नाही!"

पंखांचा आवाज झाला. कावळा शेंड्यावरून मधल्या फांदीवर!

"आला, आला!" आत्या किंचाळली. "आनखी बोल!"

मी बोलण्याआधीच नथूबाबा बोलले. नथूबाबा म्हणजे काकांचे जोडीदार, मंडळात पेटी वाजवणारे. "हो, आनि दादाच्या ओटीवर आता आमचा जीव लागनार नाय. आमी तुझ्याच खोलीवर येऊ, बोईसरला!"

कावळा खालच्या फांदीवर.

"हो, आनि दर गुरुवारी!"

कावळा जमिनीवर.

माझा गुरुवार! "गुरुवार नको," मी घाईघाईने म्हणालो, "बुधवारी या."

कावळा थेट शेंड्यावर! सगळ्या गावाने एकदम उसासा टाकला. (नियम मीच मोडला होता. कावळ्याला तो पाठ होता.)

"अरे करंट्या!" बाबा ओरडले. "गुरुवार म्हन! गुरुवार!"

"गुरुवार," मी म्हणालो.

कावळा परत खाली. आणि मग माझ्या नातेवाइकांच्या अंगात काय आलं ते सांगता येत नाही. आत्या म्हणाली, "हो, आनि चहा हाच करील!" कावळा एक उडी पुढे. बाबा म्हणाले, "हो, आनि बरोबर भजी पन!" आणखी एक उडी. मागून कोणीतरी ओरडलं, "आनि परतीच्या गाडीला समद्यांना स्टेशनावर सोडील!"

कावळ्याने चोच मारली.

माझे ते चौघे इतकी वर्षं घाम गाळतात, पण एवढं चढत जाणारं नाटक त्यांना कधी जमलेलं मी ऐकलं नाही. बाबांनी मला मिठी मारली. आयुष्यात पहिल्यांदा! आता त्या मिठीत तोंड खुपसलेल्या माणसाने 'मी आपलं सुचेल ते बोललो होतो' असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

पहिल्याच गुरुवारी मंडळ पेटीसकट हजर झालं. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. मी चहाच्या आधणाजवळ, भजी तेलात, मृदंग माझ्या गादीवर. इतक्यात दारावर थाप पडली. शेजारचा तिवारी, माझ्याच कारखान्यातला ऑपरेटर. मनात म्हटलं, देव पावला, तक्रार करायला आला! तो म्हणाला, "भाईसाब, ढोलक चाहिए क्या? अपने पास है." आणि ढोलक घेऊन आत बसला. तो अजून दर गुरुवारी बसतो.

दोन महिन्यांत मी मेटाकुटीला आलो. म्हटलं, यांना आपला कार्यक्रम ऐकवू. कंटाळतील आणि आपणहून यायचे बंद होतील. भजन संपल्यावर मी स्पीकर लावला. सगळे म्हातारे मांडी घालून, मान खाली घालून, श्राद्धाला बसल्यासारखे ऐकू लागले.

थोड्या वेळाने नथूबाबांनी विचारलं, "ही मानसं काय ठरवून येत नाय?"

"नाही, नथूबाबा. सुचेल ते बोलतात."

"दिसतंच हाय." मग त्यांना माझी दया आली असावी. "तुला लय आवडतं ना? मग असं कर. हसायची जागा आली की हात वर कर. आमी हसू."

मी हात वर केला. सगळे एका सुरात "हा हा हा" हसले. तिवारीने ढोलकावर थाप मारली. मी पुन्हा हात वर केला. पुन्हा "हा हा हा", पुन्हा थाप. कंटाळणं राहिलं बाजूला, पुढच्या गुरुवारी त्यांनीच आठवण केली, "पोराचं ते हसायचं घ्या रे, मग आरती." तेव्हापासून भजनानंतर तो कार्यक्रमही होतो. मी हात वर करतो, मंडळ हसतं. मी सोडून सगळे हसतात. कारण हात कुठे वर करायचा याकडे लक्ष ठेवता ठेवता मला स्वतःला हसायला वेळच मिळत नाही.

म्हणून परवा ठरवलं, कामावर जाताना कारखान्याच्या बसमध्ये इयरफोन कानात घालून एकट्याने ऐकायचं. खिडकीची जागा, शेजारी झोपलेला माणूस, स्वर्ग! ते चौघे रंगात आले. हसायची जागा आली. माझा हात आपोआप वर गेला. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, दार उघडलं आणि आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "हां, उतरो भाई, जल्दी!"

सगळी बस माझ्याकडे बघत होती. मी, बी.एस्सी., फर्स्ट क्लास, मुकाट्याने वाटेतल्या कुंभवलीला उतरलो आणि कारखान्यापर्यंत चालत गेलो.