दोन रात्री माळ्यावर

आमच्या ह्यांच्या घोरण्याचं मला कौतुक होतं, हे आधीच सांगून टाकते. हसायचं तर हसा. हे, पंढरीनाथ, पाणीखात्यात चावीवाले. पहाटे साडेतीनला उठून सायकलवर निघायचे, लांबलचक लोखंडी चावीने रस्त्यातले व्हॉल्व्ह फिरवायचे, तेव्हा कुठे नया नगरात आणि आमच्या पूनम सागर वसाहतीत नळाला पाणी यायचं. एकतीस वर्षं हेच. असा माणूस दुपारी आडवा झाला की घोरणारच ना? मधेच घोरणं थांबायचं, श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही, आणि मग दचकून, कुणीतरी पाण्यातून वर काढल्यासारखा श्वास घ्यायचे. मी शेजारणीला सांगायचे, ‘भाभी, मेहनत का आदमी है, देखो कैसा सोता है.’ अक्कल गहाण टाकली होती मी.

रिटायर होऊन आठ महिने झाले नाहीत, तोच लकवा मारला. उजवा हात गेला, पाय गेला, बोलणं गेलं. सगळं कळतंय हे डोळ्यांत दिसायचं आणि तोंडातून निघायचं फक्त ‘ते... ते...’ व्यायाम शिकवायला फिजिओथेरपीवाली मुलगी घरी यायची, तर हे खुर्चीत बसल्या बसल्या झोपायचे. भेटायला येणारे म्हणायचे, झोपू दे गं, झोपेतच माणूस भरून येतो. मलाही ते पटायचं. मी पंखा वाढवायचे आणि दार लोटून घ्यायचे.

डॉक्टर समिधा माझ्या लेकीच्या, संपदाच्या वयाची. मनात म्हटलं, हिला काय कळणार. तिने विचारलं, ‘काकू, घोरताना काका मधेच थांबतात का?’ मी अगदी कौतुकाने सगळं सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं. मग एक रात्र घरीच छातीला, बोटाला वायरी लावून तपासणी झाली. तासाला अडतीस वेळा श्वास अडकत होता. ती म्हणाली, ‘लकवा झालेल्या बऱ्याच जणांना हा त्रास असतो. मेंदू आधीच जखमी, त्यात रात्रभर त्याला प्राणवायू कमी पडतो. मग तो सुधारणार कसा? आणि पुन्हा झटका यायची भीती असते ती वेगळी.’ म्हणून ते मशीन आलं. नळी, आणि नाकावर बसवायचा मास्क. नळीतून हवेचा दाब येतो आणि घसा उघडा राहतो, एवढंच त्याचं काम.

पहिले आठ दिवस नुसती मारामारी. मी पट्टे बांधायचे, हे डाव्या हाताने ओरबाडून काढायचे. बैलाला मुसकं बांधतोय असं वाटायचं मला. चिडायचे, नको नको ते बोलायचे, मग परत बांधायचे. नवव्या दिवशी सलग पाच तास झोपले. महिन्याभरात दिवसा जागे राहायला लागले, व्यायाम पुरा करायला लागले. एका सकाळी माझ्याकडे बघून म्हणाले, ‘चहा.’ मी ओट्याशी उभी राहून रडले. पुढे ‘पदा’ आलं, म्हणजे संपदा. काठी घेऊन गेटपर्यंत जायला लागले. मला वाटलं, माझा माणूस मला परत मिळतोय.

तेवढ्यात संपदाचं जमायला आलं. पराग, नोकरीवाला, शांत मुलगा. त्याचे आईवडील लांज्याहून घर बघायला येणार आणि दोन रात्री राहणार. आमचं वन रूम किचन, सगळ्यांची अंथरुणं हॉलमध्येच. मध्यस्थ होते दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते म्हणाले, ‘अनसूये, ते यंत्र दिसता कामा नये. नाकाला नळी बघितली की लोकांना वाटतं माणूस ऑक्सिजनवर आहे, आज ना उद्या जाणार. साखरपुडा झाला आणि मधेच सुतक आलं तर? कोण सोयरीक करेल?’ दाजींना कशाला दोष देऊ, माझ्याही पोटात हीच भीती होती. संपदा म्हणाली, ‘आई, नको गं.’ मी तिच्यावरच खेकसले, ‘तुझ्यासाठीच मरतेय ना मी?’

स्टुलावर चढून मशीन माळ्यावर टाकलं, पुढ्यात मोठी परात लावली. हे खुर्चीतून बघत होते. ‘मशीन,’ म्हणाले. इतका स्पष्ट शब्द तोवर आला नव्हता. मी म्हटलं, ‘अहो, दोनच रात्री. संपदासाठी.’ त्यांनी मान हलवली.

पाहुणे खूश झाले. परागची आई सकाळी हसून म्हणाली, ‘तुमच्या ह्यांना झोप छान लागते हो.’ तिसऱ्या दिवशी सगळं पक्कं करून त्यांना रिक्षात बसवलं आणि वर आले, तर ह्यांच्या मांडीवर चहा सांडलेला, तोंड एका बाजूला ओघळलेलं. दुसरा झटका. महिन्या-दीड महिन्यात मिळवलेले सगळे शब्द गेले. उरला नुसता आवाज.

दोन रात्रींमुळेच झालं असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. मीही स्वतःला हेच सांगत असते, पण माझं मला पटत नाही.

हॉस्पिटलातून सुटल्यावर मशीन घेऊन समिधाकडे गेलो. तिने विचारलं, ‘रोज लावत होतात ना?’ मी म्हटलं, ‘रोज.’ संपदा खाली बघत राहिली. समिधाने मशीनच्या कडेतून नखाएवढं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. ते यंत्र रोजचे तास लिहून ठेवतं, हे मला कुठे ठाऊक. ‘काकू, झटक्याच्या आधीच्या दोन रात्री शून्य तास दिसतायत.’

आणि ह्यांनी डावा हात उचलला. हळूहळू वर आणला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला.

‘काका, तुम्ही काढून टाकला मास्क?’

त्यांनी मान डोलावली.

मग ती त्यांना रागावली. लहान मुलाला रागावतात तशी. ‘असं करायचं नाही हं काका. काकू एवढं करतात तुमचं, त्यांचा तरी विचार करायचा.’ हे मान खाली घालून ऐकत होते. मी शेजारीच बसले होते, आणि मी त्यांना ते सगळं ऐकून घेऊ दिलं.